शेजाऱ्याचा पाळीव कुत्रा मुलाला चावला: मालक किती जबाबदार, आणि आता काय करायचं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळावा म्हणून आधी तुमची हकीकत थोडक्यात मांडते. तुम्ही कोल्हापुरात उपनगरातल्या एका कॉलनीत राहता. वीस दिवसांपूर्वी संध्याकाळी तुमचा नऊ वर्षांचा मुलगा दारासमोरच्या रस्त्यावर सायकल खेळत होता. शेजारच्या बंगल्याचं गेट उघडं होतं, आतला जर्मन शेफर्ड बाहेर आला आणि मुलाच्या पोटरीला आणि हाताला चावला. तुम्ही त्याला सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात नेलं, जखमेत रेबीजविरोधी सिरम दिलं, लस सुरू झाली. पोटरीची जखम खोल असल्यामुळे पुढचं ड्रेसिंग खासगी सर्जनकडे केलं. मुलगा १८ दिवस शाळेत गेला नाही. पहिल्या रात्री शेजाऱ्यांनी कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "गेट उघडं राहिलं, सॉरी" असं लिहिलं आणि २,००० रुपये आणून दिले. आता १४,००० खर्च झाल्याचं सांगितल्यावर ते म्हणतात, "तुमच्या पोरानंच दगड मारला." पोलीस ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहून घेतली आणि घरी पाठवलं. कॉलनीतले म्हणतात मिटवून घ्या, मोठे दीर म्हणतात कुत्र्यालाच बघतो. आणि तुमचा प्रश्न आहे: मालकावर केस होते का, पैसे मिळतात का, मिळाले तर किती?

मी कोल्हापुरात २२ वर्षं वकिली करते. कुत्रा चावलेली माणसं माझ्याकडे येतात, तसे कुत्रा पाळणारेही येतात. दोन्हीकडून उभी राहिले आहे, त्यामुळे समोरचा वकील उलटतपासणीत कुठे बोट ठेवणार याची मला कल्पना आहे. त्या अनुभवावरून सांगते. लोक "कुत्रा चावला" हे सिद्ध करण्यात सगळी ताकद घालतात. ते फारसं अवघड नसतं, जखमच ते सांगते. कोर्टात खरा वाद होतो तो मालकाने काय करायला हवं होतं आणि काय केलं नाही, यावर. तुमचा पुरावा त्या बाजूने गोळा करायला हवा, आणि वीस दिवस आधीच गेलेत.

आधी दिरांचं. त्यांना आजच थांबवा. त्यांचा राग मला समजतो, पुतण्याची पोटरी फाटलेली पाहिल्यावर कुणालाही येईल. पण कायदा बघा. पाळीव प्राण्याबाबत हलगर्जीपणा केला म्हणून मालकाला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली जास्तीत जास्त सहा महिने कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. आणि प्राण्याला मारून टाकलं, विष घातलं, कायमचं जायबंदी केलं तर कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद. म्हणजे आज तक्रारदार असलेलं तुमचं घर उद्या आरोपी होईल, तेही जास्त मोठ्या गुन्ह्यात. शिवाय चावल्यापासून दहा दिवस तो कुत्रा ठणठणीत राहिला ही तुमच्या डॉक्टरांसाठी महत्त्वाची माहिती असते. ते दिवस उलटून गेलेत, कुत्रा ठीक आहे ना याची खात्री करून डॉक्टरांना कळवा. पण त्यावरून लस बंद करायचा निर्णय स्वतः घेऊ नका.

आता पोलिसांचं. तुम्हाला दिलेल्या एनसीच्या कागदावर कोणती कलमं आहेत ती नीट बघा. बहुतेक वेळा तिथे ३५२ किंवा ३५१ असतं, म्हणजे शिवीगाळ आणि दमदाटी. तुमची आणि शेजाऱ्यांची बाचाबाची झाली, तेवढंच कागदावर आलं, चावा राहून गेला. असं अनेकदा होतं, कारण ठाण्यात गेलेला माणूस संतापाने आधी भांडण सांगतो आणि मग कुत्रा. कलम २९१ हा दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास करू शकतात असा. त्याची एनसी करून चालत नाही, एफआयआर नोंदवायला हवा. तेव्हा नव्याने लेखी तक्रार द्या, साध्या मराठीत, एका पानाची. तारीख, वेळ, जागा, गेट उघडं असणं, कुत्रा कुणाचा, जखम कुठे, उपचार कुठे, साक्षीदार कोण, एवढंच. भांडणाचा मजकूर शेवटी दोन ओळी. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तरीही नोंद झाली नाही तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवायची, आणि तिथूनही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेट कोर्टात अर्ज करायचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ आणि १७५ मध्ये हा रस्ता दिलेला आहे, आणि कोर्ट आधीच्या दोन पायऱ्या झाल्याचे कागद मागतं. म्हणून पोच महत्त्वाची.

कलम २९१ ची शब्दरचना समजून घ्या, सगळी केस तिच्यावर तोललेली असते. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा जो संभाव्य धोका असतो, तो टाळण्यापुरती काळजी जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने न घेणं, हा गुन्हा. यात दोन गोष्टी आल्या. एक, "ताब्यातला" प्राणी. त्यामुळे कुत्रा भावाच्या नावावर घेतला होता, गड्याने फिरायला नेला होता, या सबबी फार चालत नाहीत, सांभाळतो तो जबाबदार. दुसरी, "संभाव्य धोका". मालकाचा वकील इथेच बोलणार: "साहेब, कुत्रा पाच वर्षं घरात आहे, कधी कुणाला काही केलं नाही, धोका आहे हे आम्हाला कळणार कसं?" तुम्ही लिहिलंय की याच कुत्र्याने दिवाळीच्या सुमारास पेपर टाकणाऱ्या मुलाचा पाठलाग केला होता आणि त्याची पँट फाडली होती. ही तुमच्या केसमधली सर्वांत किमती ओळ आहे आणि तुम्ही ती प्रश्नाच्या शेवटी, जाता जाता लिहिलीत! तो मुलगा शोधा. त्याने पोलिसांना जबाब दिला तर "आम्हाला कळणार कसं" हा प्रश्नच उरत नाही.

बंगल्यावर "कुत्र्यापासून सावध राहा" अशी पाटी आहे का? असेल तर फोटो काढा. पाटी लावली म्हणजे जबाबदारी संपली असं मालकांना वाटतं. कुणी गेट ढकलून आत शिरला असेल तर पाटीचा मालकाला थोडा उपयोग होतोही. पण कुत्रा रस्त्यावर येऊन चावला असेल तर तीच पाटी सांगते की आपला कुत्रा धोकादायक आहे हे मालकाला माहीत होतं.

दहा-बारा वर्षांपूर्वीची एक केस सांगते, म्हणजे कागदाचं महत्त्व कळेल. माझे अशील दूध घालायला जायचे. रोजच्या गिऱ्हाइकाच्या शेजारच्या बंगल्यातून कुत्रा आला आणि त्यांच्या मांडीला धरलं. सोबतचा पोरगा त्यांना दवाखान्यात घेऊन गेला. घाईत कुणीतरी विचारलं, कुठला कुत्रा? पोरगा म्हणाला, "रस्त्यावर चावला." केस पेपरवर लिहिलं गेलं: भटका कुत्रा. बस. दोन वर्षांनी उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी तो एकच कागद साक्षीदाराच्या हातात देऊन मोठ्याने वाचायला लावला. आमचे अशील घामाघूम झाले. आम्हाला वाचवलं एका फोटोने. त्याच संध्याकाळी त्यांच्या पुतण्याने मोबाइलवर गेटचा फोटो काढला होता: कडी तुटलेली, आणि तिच्या जागी लाल विजेची वायर दोन वेढे देऊन गुंडाळलेली. आठवड्याने पोलीस पंचनाम्याला गेले तेव्हा तिथे नवी कोरी कडी बसलेली होती. तो फोटो नसता तर मला काही करता आलं नसतं. म्हणून आजच तुमच्या मुलाचा केस पेपर काढून बघा. "शेजाऱ्यांचा पाळीव कुत्रा" असं लिहिलं नसेल तर डॉक्टरांना भेटून, खरी हकीकत सांगून, पुढच्या भेटीच्या नोंदीत ती लिहून घ्या. जुनी नोंद खोडायला सांगू नका, खाडाखोड झालेला कागद चुकीच्या कागदापेक्षा वाईट.

व्हॉट्सॲपवरचं ते "गेट उघडं राहिलं, सॉरी" हे वाक्य जपा. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. ज्या फोनवर तो मेसेज आला तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, ग्रुपमधून बाहेर पडू नका. समोरच्या घराचा सीसीटीव्ही असेल तर आज संध्याकाळीच जाऊन विनंती करा. घरगुती कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग बऱ्याचदा पंधरा दिवसांत किंवा महिन्यात आपोआप पुसलं जातं. मिळालं तर कोर्टात देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकील बघतील. तुमचं काम फक्त मूळ रेकॉर्डिंग वाचवणं. मुलाची फाटलेली पँट धुतली नसेल तर तशीच कागदी पिशवीत ठेवा.

"मुलाने दगड मारला" याबद्दल. मुलाला शांतपणे जवळ घेऊन खरं काय ते विचारा, आणि जे असेल ते तुमच्या वकिलाला सांगा. लपवू नका. दगड मारला असेल तरी केस संपत नाही: नऊ वर्षांच्या मुलाकडून मोठ्या माणसाच्या समजुतीची अपेक्षा कोर्ट ठेवत नाही, आणि दगडामुळे गेट काही आपोआप उघडलं नाही. भरपाईची रक्कम मात्र त्याने कमी होऊ शकते. त्याला प्रश्न कळत असतील आणि नीट उत्तरं देता येत असतील तर त्याची साक्ष चालते, वयाची अट नाही. पण त्याला पढवू नका. पढवलेलं पोर दुसऱ्या प्रश्नाला आईकडे बघतं, आणि न्यायाधीशांच्या ते लगेच लक्षात येतं.

२९१ च्या जोडीला न्याय संहितेचंच कलम १२५ लागू शकतं, म्हणजे बेदरकार किंवा हलगर्जी कृत्याने दुसऱ्याला इजा. साधी दुखापत असेल तर सहा महिन्यांपर्यंत, गंभीर असेल तर तीन वर्षांपर्यंत कैद. गंभीर दुखापत कशाला म्हणायचं हे कलम ११६ सांगतं. त्यात हाड मोडणं, चेहऱ्यावर कायमची विद्रूपता अशा गोष्टी आहेत, आणि आणखी एक आहे जी तुम्हाला लागू पडू शकते: पंधरा दिवस तीव्र वेदना असणं किंवा नेहमीची कामं करता न येणं. जुन्या दंड विधानात हे वीस दिवस होते, आता पंधरा. मुलगा १८ दिवस शाळेत गेला नाही, पण नुसती गैरहजेरी पुरत नाही. त्याला खरोखर चालता येत नव्हतं, ड्रेसिंग चालू होतं, असं सर्जनच्या कागदांतून दिसायला हवं. ते खरं असेल तर त्यांच्याकडून तसं प्रमाणपत्र घ्या. नसेल तर ओढून ताणून मागू नका.

फौजदारी केसला वेळ लागतो हे आधीच सांगून ठेवते. मुंबईत २०१० साली रॉटवायलर चावल्याच्या प्रकरणात मालकाला गिरगावच्या मॅजिस्ट्रेट कोर्टाने तीन महिन्यांची कैद सुनावली, ती २०२३ मध्ये. सगळ्याच केस इतक्या रेंगाळत नाहीत, पण दोन महिन्यांत निकाल लागेल या आशेवर कुणी तुम्हाला ठेवत असेल तर विश्वास ठेवू नका.

तुम्हाला मालकाला शिक्षा हवी आहे, की खर्च आणि भरपाई हवी आहे, की तो कुत्रा पुन्हा मोकळा सुटू नये एवढीच खात्री हवी आहे? तुमच्या लिहिण्यावरून मला वाटतं की तुम्हाला पैशांपेक्षा ते "पोरानंच दगड मारला" जास्त लागलंय. ते साहजिक आहे. पण कोणता रस्ता धरायचा हे यावर ठरतं. शिक्षेचा रस्ता पोलीस आणि मॅजिस्ट्रेट. तिथेही शिक्षा देताना कोर्ट भरपाईचा आदेश करू शकतं, पण त्यावर विसंबू नका. भरपाईचा सरळ रस्ता दिवाणी दावा. दोन्ही एकाच वेळी चालू शकतात.

दिवाणी दावा मुलाच्या नावाने होतो, तुमच्या मार्फत. सातबाऱ्यावर "अ.पा.क." पाहिलं असेल ना, अज्ञान पालनकर्ता, तोच प्रकार. घटनेपासून तीन वर्षांची मुदत धरून चाला. मुलगा अज्ञान असल्यामुळे कायद्याने त्याला सज्ञान झाल्यावरही सवलत मिळते, पण तोवर साक्षीदार कुठे असतील? आधी वकिलामार्फत नोटीस, पोच मिळेल अशा पद्धतीने पाठवलेली. माझ्या अनुभवात अर्धी भांडणं नोटिशीला उत्तर येतं तिथेच मिटतात. औषधं, ड्रेसिंग, रिक्षा, तुमचे बुडालेले पगाराचे दिवस, मुलाने सोसलेल्या वेदना, व्रणावर पुढे करावे लागणारे उपचार, आणि आता तो सायकल घेऊन बाहेर पडायला घाबरतो ती भीती, हे सगळं नोटिशीत वेगवेगळं मांडा. बिलं असतील तेवढ्याच खर्चावर मी ठामपणे बोलू शकते. बाकीचं न्यायाधीशांच्या तारतम्यावर, त्यामुळे "किती मिळतील" याचा आकडा मी देणार नाही. तुमच्या शेजाऱ्यांच्या विमा पॉलिसीत त्रयस्थाच्या नुकसानीचा भाग आहे का, हेही नोटिशीत विचारा. पाळीव कुत्र्यांच्या काही पॉलिसींत तो असतो, आणि खिशातून द्यायचे नसले की माणसं लवकर मऊ होतात.

दाताच्या प्रत्येक खुणेला १०,००० रुपये मिळतात असा मेसेज तुमच्यापर्यंत आलाच असेल. तो निकाल २०२३ चा, पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाचा, आणि भटक्या व मोकाट जनावरांमुळे झालेल्या नुकसानीची भरपाई सरकारने द्यायची याबद्दलचा. आपल्याकडचं कोर्ट तो बघेल, पण त्याने बांधलेलं नाही, आणि तुमचा वाद खासगी मालकाशी आहे. त्या गणितावर आशा बांधू नका.

कुणाला भटका कुत्रा चावला असेल तर प्रकरण वेगळं. तिथे महापालिका समोर असते, दाव्याआधी नोटीस द्यावी लागते, आणि सहा महिन्यांच्या मुदतीचा मुद्दा हमखास काढला जातो. त्यांनी वाट न बघता लगेच वकील गाठावा.

आता मिटवण्याबद्दल. मी मिटवण्याच्या विरोधात नाही. गल्लीत राहायचंय, उद्या त्यांच्या नळाला पाणी आलं नाही तर तुमच्याकडूनच घागर जाणार. पण कॉलनीतले कुणीतरी एक कागद घेऊन येतील, "आमची काही तक्रार नाही, पैसे पावले" असं लिहिलेला, आणि म्हणतील, करा की वो सही, कशाला वाढवायचं. त्यावर सही करू नका. मुलाचे डोस संपलेले नाहीत, व्रण कसा राहील हे कुणालाच माहीत नाही, आणि पोटरीच्या व्रणासाठी पुढे प्लास्टिक सर्जनकडे जायची वेळ आली तर तो कागद तुमच्यासमोर धरला जाईल. पूर्वी माझ्याच एका अशील बाईंनी मला न विचारता ५,००० घेऊन असा कागद दिला होता. तीन महिन्यांनी जखम चिघळली. त्या माझ्या ऑफिसात बसून रडल्या आणि मला फारसं काही करता आलं नाही.

मिटवायचं असेल तर लोकअदालतीत मिटवा. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, दावा दाखल नसतानाही तिथे अर्ज घेतात. तिथे झालेली तडजोड कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी असते, अपील नाही, शब्द फिरवता येत नाही. आणि त्यात पैशांबरोबर इतर अटी लिहिता येतात: गेटला आपोआप बंद होणारी कडी, बाहेर नेताना पट्टा आणि तोंडाला जाळी, लसीकरणाचं कार्ड दरवर्षी दाखवणं. मी कुत्रा पाळणाऱ्यांच्या बाजूने असते तेव्हाही त्यांना हेच सुचवते, आणि बहुतेक जण ऐकतात. वकिलाच्या फीची चिंता करू नका: स्त्रिया आणि मुलं यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत विधी सहाय्याचा हक्क आहे, त्याच कार्यालयात मिळतो. कुत्र्याला कॉलनीतून हाकलून द्या अशी अट मात्र घालू नका. ती सहसा टिकत नाही, आणि तिच्यापायी चांगली तडजोड मोडताना मी पाहिली आहे.

तेव्हा आज सीसीटीव्ही, उद्या केस पेपर आणि पेपरवाल्या मुलाचा पत्ता, या आठवड्यात पोलिसांना नवी लेखी तक्रार, आणि मग नोटीस. आणि ताई, वीस दिवस झालेत म्हणजे २८ व्या दिवसाचा डोस अजून राहिलाय. जखम भरली की लोक तोच विसरतात. कॅलेंडरवर खूण करा, डोस घेतल्यावर कार्डावर तारीख आणि शिक्का घ्या, आणि कार्डाची झेरॉक्स माझ्यासाठी किंवा तुमच्या वकिलासाठी लगेच काढून ठेवा, कार्डावरची शाई फार लवकर उडते.